लेनर्ड रॉजर्स

सर लेनर्ड रॉजर्स (१८ जानेवारी १८६८ – १६ सप्टेंबर १९६२) हे ब्रिटिश वैद्यक व विकृतिशास्त्रज्ञ होते. आमांशातून यकृतात होणाऱ्या गळवाचे निदान व उपचार यांना त्यांनी कोलकात्यातील संशोधनाने नवे वळण दिले.

लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात शिक्षण घेऊन ते १८९३ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. १९०० पासून ते कलकत्ता मेडिकल कॉलेजात विकृतिशास्त्राचे प्राध्यापक होते. शवविच्छेदनगृह हीच त्यांची खरी प्रयोगशाळा ठरली.

यकृतातील गळू

भारतातील अनेक डॉक्टर तेव्हा या गळवाचा दोष उष्ण हवामानाला आणि मद्यपानाला देत. अमीबा या एकपेशी जीवाकडे इजिप्त व अमेरिकेतील संशोधकांनी बोट दाखवले होते. तरी गळवातून काढलेल्या पुवात तो बहुधा दिसत नसे. रॉजर्स यांना तो गळवाच्या भिंतीत सापडला. मधला तपकिरी द्रव म्हणजे मुख्यतः मेलेल्या यकृतपेशींचा चुरा असतो. म्हणूनच सुईने द्रव काढताना शेवटी येणारा, भिंतीलगतचा भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे अधिक उपयुक्त ठरते. द्रवात न्यूट्रोफिल पेशी व जीवाणू भरपूर असतील, तर गळू जीवाणूजन्य असण्याचा संभव वाढतो. आज मुंबईतील रुग्णालयांत सोनोग्राफीच्या आधारे सुई घातली जाते; रॉजर्स यांच्या काळी मात्र सारी मदार हाताच्या अंदाजावर होती. पू होण्यापूर्वीच रोग ओळखता यावा म्हणून त्यांनी रक्तातील पांढऱ्या पेशींच्या वाढीवरही भर दिला.

गळू चिरून उघडे ठेवले की बाहेरचे जीवाणू आत शिरत आणि कित्येक रुग्ण त्या दुसऱ्या संसर्गानेच दगावत. रॉजर्स यांनी त्याऐवजी पू शोषून काढून पोकळीत क्विनाइन सोडण्याचा पुरस्कार केला. १९१२ मध्ये त्यांनी एमेटीनची इंजेक्शने वापरली. ज्या इपिकाक मुळापासून हे द्रव्य मिळते, ते आमांशावर पूर्वापार पोटात दिले जाई. पण त्याने होणाऱ्या उलट्यांमुळे रुग्ण हैराण होत. एमेटीनमुळे अनेकांचे गळू चिरण्याची वेळच टळू लागली. हृदयावरील दुष्परिणामांमुळे हे औषध पुढे मागे पडले आणि मेट्रोनिडाझोल रूढ झाले.

इतर कार्य

पटकीच्या रुग्णांना शिरेतून तीव्र क्षारद्रव देण्याची त्यांची पद्धतही महत्त्वाची होती. कोलकात्यातील स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनच्या स्थापनेसाठी ते अनेक वर्षे झटले. १९१४ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला, तर १९१६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९२० मध्ये भारत सोडल्यावर इंग्लंडमध्ये त्यांनी कुष्ठरोग निवारणाचे काम केले.