कॅरोलाइन नॉर्टन : पोटगीसाठी भांडलेली आई

शाळेचे वर्ष सुरू झाले की आम्हा शिक्षकांना एक गोष्ट हमखास दिसते. पुस्तकांची यादी मुलांच्या हाती दिल्यावर आठवड्याभरात बहुतेकांची पुस्तके येतात. दोन-तीन मुले मात्र शेजाऱ्याच्या पुस्तकात डोके घालून बसतात. चौकशी केली की कळते, आईवडील वेगळे झाले आहेत. पुस्तकांचा खर्च बापाकडे आहे असे आई सांगते. घरासाठी दोघांनी मिळून काढलेल्या कर्जाचा हप्ता आपण एकटेच भरतो, तेव्हा पुस्तके तिने घ्यावीत असे बाप सांगतो. दोघांचाही हिशेब आपापल्या परीने बरोबर असतो. मूल तेवढे त्या हिशेबात कुठे बसत नाही.

या पैशाला आपल्या बेटावर सगळे पाँसियों आलिमाँतेर म्हणतात, मराठीत पोटगी. वेगळी झालेली आई तो न्यायालयात मागू शकते, हे आज आपल्याला इतके सवयीचे झाले आहे की कधी काळी ते शक्यच नव्हते हे सांगूनही खरे वाटत नाही. म्हणून या आठवड्यात वाचकांना कॅरोलाइन नॉर्टन या इंग्रज बाईची हकिगत सांगावी असे आम्ही ठरवले. आपल्याकडचा कुटुंबाचा कायदा फ्रेंच मुळाचा आहे, तेव्हा तिच्या लढ्याचे फळ सरळ आपल्या पदरात पडले असे आम्ही म्हणणार नाही. पण तिचे दुःख ओळखीचे वाटेल.

कॅरोलाइनचा जन्म २२ मार्च १८०८ रोजी लंडनमध्ये झाला. प्रसिद्ध नाटककार रिचर्ड ब्रिन्स्ली शेरिडन हे तिचे आजोबा. घराण्याला नाव मोठे, पैसा मात्र नव्हता. वडील नोकरीसाठी केप ऑफ गुड होपला गेले आणि १८१७ साली तिथेच वारले. मागे विधवा आई आणि मुले. तिघी बहिणी रूपाने आणि बुद्धीने गाजलेल्या होत्या. थोरली हेलन हिचा मुलगा म्हणजेच पुढे १८८४ ते १८८८ या काळात हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झालेला लॉर्ड डफरिन. डफरिन हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी स्त्रियांच्या दवाखान्यांमुळे ऐकलेले असेल. तो निधी त्याच्या पत्नीने उभारला होता.

हुंडा नसलेल्या मुलीला स्थळ आले की फार चौकशी होत नाही. ३० जुलै १८२७ रोजी कॅरोलाइनचे लग्न जॉर्ज नॉर्टन या वकिलाशी झाले. तो पार्लमेंटचा सभासद होता, एका लॉर्डाचा धाकटा भाऊ होता. पण मिळकत कमी आणि राग फार. लग्नाला काही आठवडे होतात न होतात तोच तो तिच्यावर हात टाकू लागला. ती कविता आणि गोष्टी लिहून पैसे मिळवू लागली. पहिल्या बाळंतपणाचा खर्चही तिने पुस्तकाच्या पैशातून भागवला. तिच्याच शब्दामुळे गृहमंत्री लॉर्ड मेलबर्न यांनी १८३१ साली जॉर्जला मॅजिस्ट्रेटची नोकरी दिली. घरात बायकोला मारणारा हा गृहस्थ रोज सकाळी दुसऱ्यांचा न्याय करायला बसत असे.

फ्लेचर, ब्रिन्स्ली आणि विल्यम असे तीन मुलगे झाले. १८३६ साली ईस्टरच्या सुमारास ती घरी नसताना नवऱ्याने मुलांना घराबाहेर हलवले. थोरला सात वर्षांचाही नव्हता, धाकट्याला तिसरेही पुरे व्हायचे होते. ती वकिलाकडे गेली. त्या काळच्या इंग्लंडमध्ये औरस मुले बापाची, असा सरळ हिशोब होता. ती कोणाजवळ राहतील, आईने त्यांचे तोंड पाहावे की नाही, हे सगळे बापाच्या मर्जीवर. आईचा दोष असो वा नसो.

त्यातच जॉर्जने पंतप्रधान झालेल्या मेलबर्नवर, आपल्या बायकोशी त्याचे वाईट संबंध असल्याचा आरोप ठेवून, दहा हजार पौंडांच्या भरपाईचा दावा लावला. २२ जून १८३६ रोजी खटला चालला. पुरावा इतका फुसका होता की पंचांनी जागेवरून न उठता मेलबर्नला निर्दोष ठरवले. ज्या बाईच्या अब्रूवर हा खटला चालला, तिला त्यात पक्षकार होता येत नव्हते, साक्षही देता येत नव्हती. खटला हरला तरी मुले जॉर्जकडेच राहिली. त्याने ती स्कॉटलंडला बहिणीकडे पाठवून दिली.

आता ती लेखणी घेऊन बसली. आईच्या हक्काविषयी तिने पुस्तिका छापल्या. एक तर पुरुषाचे टोपणनाव घेऊन लिहिली, म्हणजे बाईचे रडगाणे म्हणून कोणी बाजूला टाकू नये. टॅलफोर्ड नावाच्या वकील सभासदाने पार्लमेंटात विधेयक आणले. १८३८ साली ते लॉर्डांच्या सभागृहात पडले, १८३९ साली मंजूर झाले. सात वर्षांखालील मुलांचा ताबा आणि मोठ्या मुलांची भेट मागण्यासाठी आईला न्यायालयाचे दार उघडले, मात्र व्यभिचार सिद्ध झालेल्या स्त्रीला नाही. हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता आणि तिची मुले तर स्कॉटलंडमध्ये होती! १८४२ साली धाकटा विल्यम घोड्यावरून पडला. जखम चिघळली. आई पोचली तेव्हा तो गेला होता. त्यानंतर कुठे जॉर्जने उरलेल्या दोन मुलांना तिच्याकडे राहू दिले.

पैशाची गोष्ट इथून पुढे सुरू होते. त्या वेळच्या इंग्रजी कायद्याप्रमाणे नवरा-बायको मिळून एकच व्यक्ती, आणि ती व्यक्ती म्हणजे नवरा. बायकोने लिहिलेल्या पुस्तकाचे पैसे नवऱ्याचे. वेगळे राहत असली तरीही नवऱ्याचे. १८४८ साली जॉर्जला ट्रस्टच्या रकमेवर कर्ज उभारायचे होते आणि त्यासाठी तिची सही हवी होती. सहीच्या बदल्यात वर्षाला ५०० पौंड देण्याचे त्याने लेखी कबूल केले. तिने सही केली. १८५१ साली तिची आई वारली आणि तिला वर्षाला सुमारे ४८० पौंड मिळतील अशी सोय करून गेली. ते कळताच जॉर्जने आपली रक्कम कमी करायला काढली, आणि ती ऐकेना तेव्हा देणेच थांबवले.

तिने कबुलीचा कागद दाखवला, तर तो कागदच रद्दी ठरला. नवरा-बायको कायद्याने एक असतील तर माणूस स्वतःशी करार कसा करणार? म्हणजे सही करण्यापुरती ती वेगळी होती आणि पैसे मागायला गेली की एक झाली! इतकी वर्षे वर्गात गणित शिकवून हा हिशेब आम्हाला अजून सुटलेला नाही.

तेव्हा तिने त्याच कायद्याचे दुसरे टोक धरले. बायकोचे स्वतःचे काही नसेल तर तिचे कर्जही नवऱ्याचेच. दुकानदारांना तिने नवऱ्याकडे बोट दाखवले. घोडागाडी दुरुस्त करणाऱ्या थ्रप नावाच्या कारखानदाराने जॉर्जवर फिर्याद केली आणि ऑगस्ट १८५३ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या न्यायालयात ती चालली. जॉर्जने तिच्या बँकेची आणि प्रकाशकांची हिशेबवही कोर्टात मागवली. मेलबर्नचे नाव सतरा वर्षांनी पुन्हा चघळले गेले. निकाल जॉर्जच्या बाजूने लागला. गाडीवाल्याचे पैसे बुडाले. आम्हाला त्याचीही कीव येते, कारण नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्याचे घर बसते ते असे.

तिने १८५४ साली स्त्रियांविषयीच्या इंग्रजी कायद्यांवर पुस्तक लिहिले आणि १८५५ साली खुद्द व्हिक्टोरिया राणीला छापील पत्र लिहिले. स्त्री-पुरुष समान आहेत असे मात्र ती मानत नव्हती. पुरुष वरचढ आहे, म्हणूनच त्याने आणि कायद्याने दुबळ्याला सांभाळावे, असे तिचे मत होते. ते आम्हाला पटत नाही, पण लपवून ठेवणेही बरे नाही.

१८५७ साली इंग्लंडमध्ये घटस्फोटाचा नवा कायदा झाला. टाकून दिलेल्या बायकोची कमाई नवऱ्यापासून वाचवता येऊ लागली. न्यायालयाने विभक्त केलेली स्त्री स्वतःच्या नावाने करार आणि फिर्याद करू लागली. ठरलेली पोटगी नवऱ्याने थकवली तर तिच्या जरुरीच्या वस्तूंचे देणे त्याच्या अंगावर आले. मुलांचा ताबा, पोषण आणि शिक्षण याविषयी हुकूम देण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. कलमे वाचताना तिचीच कहाणी डोळ्यांपुढे येते. नवऱ्याला घटस्फोट मिळवायला बायकोचा व्यभिचार पुरे होता, बायकोला मात्र त्यावर आणखी क्रूरपणा वगैरे सिद्ध करावे लागे. तो पंक्तिप्रपंच १९२३ पर्यंत टिकला.

तिला स्वतःला घटस्फोट कधीच मिळाला नाही. मार खाऊनही ती एकदा नवऱ्याच्या घरी परत गेली होती, आणि परत जाणे म्हणजे क्षमा करणे असे कायदा मानत होता. ती परत का गेली, हे कोणत्याही आईने सांगावे. थोरला फ्लेचर १८५९ साली पॅरिसमध्ये क्षयाने वारला. जॉर्ज १८७५ साली मेला. १ मार्च १८७७ रोजी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, जुने स्नेही सर विल्यम स्टर्लिंग-मॅक्सवेल यांच्याशी तिने लग्न केले. १५ जूनला ती वारली. विवाहित स्त्रीला आपली मालमत्ता आपल्या नावावर पूर्णपणे ठेवू देणारा इंग्लंडचा कायदा त्यानंतर पाच वर्षांनी, १८८२ साली झाला.