स्वस्तातला भारी डोकेबाज : गुनपेई योकोई

लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या श्रीनगरात एखाद्या रूमवर जुना, खोलून बदललेला एक्सबॉक्स सापडला, तर त्याची हार्ड डिस्क जरूर उघडून बघा. नवीन गेम कमी आणि जुनेच जास्त दिसतील. 'टेट्रिस', 'सुपर मारिओ लँड' वगैरे. हे गेम ज्या गेम बॉयसाठी आले, तो ज्यांच्या डोक्यातून निघाला ते गुनपेई योकोई आपल्यातल्या किती जणांना माहीत आहेत?

जन्म १० सप्टेंबर १९४१, क्योटो. दोशिशा विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्स केलं, पण मोठ्या कंपन्यांनी काही घेतलं नाही. मग १९६५ मध्ये गावातल्याच निंटेंडोत लागले. तेव्हा निंटेंडो म्हणजे पत्ते बनवणारी कंपनी, आणि योकोईंचं काम काय, तर पत्त्यांची मशिनं चालू ठेवायची! रिकाम्या वेळात त्यांनी लांबवर पोचणारा एक लाकडी हात बनवला. मालक यामाउचींनी तो पाहिला. साहेब रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी तोच विकायला काढायला लावला. १९६६ चा हा 'अल्ट्रा हँड' दहा लाखांच्या वर खपला.

पुढे बुलेट ट्रेनमध्ये कॅल्क्युलेटरची बटणं दाबत टाइमपास करणारा एक माणूस त्यांना दिसला. कॅल्क्युलेटर कंपन्यांच्या मारामारीत तसले स्क्रीन स्वस्त झालेच होते. त्यातून १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' आला. कंट्रोलरवर डाव्या अंगठ्याखाली अधिकच्या चिन्हासारखं बटण असतं ना, तेही त्यांचंच, १९८२ चं.

योकोईंचा हट्ट एकच: जुनं झालेलं, स्वस्त, भरवशाचं तंत्र घ्यायचं आणि ते कुणी वापरलं नसेल तिथं वापरायचं. १९८९ चा गेम बॉय तसाच. समोर अटारीचा रंगीत लिंक्स होता, तर ह्यांचा स्क्रीन हिरवट, चार छटांचा. पण लिंक्स सहा सेल घटाघट पिऊन टाकायचा, गेम बॉय चार सेलवर कितीतरी जास्त चालायचा. गेम बॉय आणि त्याचा कलर भाऊ मिळून जवळपास ११ कोटी ८७ लाख विकले गेले.

ह्या काटकसरीचा फायदा आज आपल्याला होतो. गेम बॉयच्या 'टेट्रिस'ची अख्खी कार्ट्रिज ३२ केबीची. २००१ च्या एक्सबॉक्समध्ये ८ जीबीची डिस्क होती; हिशेबाने तसल्या अडीच लाख फाइली मावतील. कार्ट्रिजमधली चिप वाचून तिची फाइल करायची, ती डिस्कवर टाकायची, आणि एम्युलेटर नावाचा प्रोग्राम गेम बॉयच्या प्रोसेसरची हुबेहूब नक्कल करतो. गेमला पत्ताच लागत नाही की घर बदललंय. (विकत न घेतलेला गेम उतरवणं मात्र कायद्यात बसत नाही, बरं का.) पण साठवणं गरजेचंच आहे. 'पोकेमॉन'सारख्या कार्ट्रिजमधला बटण सेल संपला की सेव्ह केलेलं सगळं गेलं.

१९९५ मध्ये मात्र योकोई आपटले. व्हर्च्युअल बॉय हे डोळ्यांना लावायचं मशीन, चित्र फक्त लाल-काळं. खेळून डोकं दुखायचं. वर्षाच्या आत ते बाजारातून उठलं. ऑगस्ट १९९६ मध्ये त्यांनी निंटेंडो सोडली, 'कोतो' ही स्वतःची कंपनी काढली आणि बांदाईसाठी वंडरस्वान हातात घेतला. तो बाजारात आलेला त्यांना बघायला मिळाला नाही. ४ ऑक्टोबर १९९७ ला इशिकावाच्या हायवेवर त्यांची गाडी ट्रकला धडकली. काय झालं ते बघायला ते खाली उतरले, आणि दुसऱ्या गाडीने उडवलं. वय ५६. वंडरस्वान आला १९९९ मध्ये.

आणि तो फसलेला व्हर्च्युअल बॉय? त्याचे उणेपुरे २२ गेम निघाले. सगळे मिळून ५० एमबीच्या आत बसतात. डिस्कच्या एका कोपऱ्यात पडून असतात, क्लिक केलं की तोच लाल रंग.