बेनितो हुआरेझ : मेंढ्या राखणारा मुलगा राष्ट्राध्यक्ष झाला, गावाच्या जमिनीचे काय झाले?

२१ मार्च हा मेक्सिकोत बेनितो हुआरेझ यांच्या जयंतीचा दिवस. राजधानीच्या विमानतळाला त्यांचे नाव आहे, पाचशे पेसोच्या नोटेवर त्यांचे चित्र आहे. आपल्याकडे मात्र हे नाव फार कमी जणांनी ऐकले आहे. स्पॅनिश भाषा न येणारा, आईवडील नसलेला एक आदिवासी मुलगा त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याने धर्मसत्ता व लष्कर या दोघांचे विशेषाधिकार कायद्याने मोडले. चळवळीत काम करणाऱ्या तरुणांनी हे चरित्र वाचावे, असे आम्हाला वाटते. त्यातून प्रेरणा तर मिळतेच, पण एक अवघड प्रश्नही उभा राहतो. आपल्यातला माणूस सत्तेच्या शिखरावर पोहोचला आणि कायद्याने सगळे समान झाले, म्हणजे मागे राहिलेले गाव मुक्त होते का?

रक्तावरून ठरणारी किंमत

१५२१ मध्ये स्पेनने अझ्टेकांची राजधानी तेनोचतित्लान जिंकली. पुढची तीनशे वर्षे मेक्सिकोत माणसाची जागा रक्तावरून ठरत होती. सर्वांत वर स्पेनमध्ये जन्मलेले गोरे, मग मेक्सिकोत जन्मलेले गोरे, त्याखाली मिश्र वंशाचे लोक, आणि तळाला मूळ रहिवासी व आफ्रिकेतून आणलेले गुलाम. या वर्गवारीला 'कास्ता' म्हणत. पोर्तुगीजांनी भारतात आल्यावर आपल्याकडच्या जातीला हाच शब्द लावला आणि इंग्रजीतला 'कास्ट' त्यातूनच आला. चर्चमध्ये बाप्तिस्मा होताना मुलाची कास्ता नोंदवहीत लिहिली जाई. मूळ रहिवाशांकडून वेगळा कर घेतला जाई.

१८२१ मध्ये देश स्वतंत्र झाला. १८२९ मध्ये राष्ट्राध्यक्ष विसेंते गेरेरो यांनी गुलामगिरी बंद केली. ते स्वतः आफ्रिकी वंशाचा वारसा असलेले होते. कागदावरून कास्ता गेली, पण दोन मोठे किल्ले तसेच राहिले. पाद्री आणि लष्करी अधिकारी यांच्यासाठी वेगळी न्यायालये होती. सामान्य माणसाने पाद्र्याविरुद्ध तक्रार केली, तर निवाडा पाद्र्यांचेच न्यायालय करी. शिवाय चर्च हे देशातील सर्वांत मोठ्या जमीनदारांपैकी एक होते आणि सावकारही होते.

गेलाताओ ते वाहाका

वाहाका प्रांताच्या डोंगरात गेलाताओ नावाचे झापोटेक समाजाचे छोटे गाव आहे. तेथे १८०६ मध्ये बेनितोचा जन्म झाला. तो तीन वर्षांचा असताना आईवडील वारले. आजीआजोबांनी सांभाळले, तेही गेले. मग काकाकडे राहून तो मेंढ्या राखू लागला. घरात आणि गावात झापोटेक भाषा होती. शाळा नव्हती. ज्यांना मुलांना शिकवायचे असे, ते त्यांना शहरात एखाद्या घरी कामाला ठेवत.

डिसेंबर १८१८ मध्ये बारा वर्षांचा बेनितो गाव सोडून पायी वाहाका शहरात आला. त्याची बहीण तेथे माझा नावाच्या कुटुंबात स्वयंपाक करत होती. पुढे सालानुएवा नावाच्या धार्मिक वृत्तीच्या पुस्तकबांधणी करणाऱ्या गृहस्थांनी त्याला घरी ठेवून घेतले आणि शिकवले. मुलाने पाद्री व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. बेनितो काही वर्षे धर्मशिक्षणाच्या शाळेत गेलाही. पण वाहाकात नव्या विचारांची विज्ञान व कला संस्था सुरू झाली, तेव्हा तो तिकडे वळला आणि कायदा शिकला. १८३४ मध्ये बेनितो हुआरेझ वकील झाले.

सुरुवातीच्याच एका खटल्यात त्यांनी लोशिचा गावच्या गरीब लोकांची बाजू घेतली. गावचा पाद्री धार्मिक विधींसाठी बेसुमार पैसे उकळत होता. निकाल बाजूलाच राहिला आणि वकिलालाच काही दिवस तुरुंगात टाकले गेले. विशेषाधिकारांपुढे एकट्या वकिलाची हुशारी पुरत नाही, कायदाच बदलावा लागतो, हा धडा त्यांना येथे मिळाला असावा, असे त्यांची पुढची वाटचाल पाहता आम्हाला वाटते.

१८४३ मध्ये त्यांनी मार्गारिता माझा यांच्याशी लग्न केले. ज्या घरात बहीण स्वयंपाक करत होती, त्याच घरातली ही मुलगी.

कायद्याचे हत्यार

१८४७ मध्ये हुआरेझ वाहाकाचे गव्हर्नर झाले. त्यांनी शाळा वाढवल्या, रस्ते केले, कारभार काटकसरीने चालवला. पुढे हुकूमशहा सांता आना सत्तेवर आला आणि १८५३ मध्ये हुआरेझ यांना देशाबाहेर काढण्यात आले. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्समध्ये या माजी गव्हर्नरांनी सिगार वळून पोट भरले.

सांता आनाविरुद्ध उठाव झाल्यावर ते परतले आणि न्यायमंत्री झाले. नोव्हेंबर १८५५ मध्ये आलेला कायदा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पाद्री आणि लष्करी अधिकारी यांचे दिवाणी खटले यापुढे सर्वसामान्य न्यायालयातच चालतील, असे त्यात ठरले. १८५७ मध्ये नवी राज्यघटना आली. चर्च आणि लष्करातील सनातनी गटाने ती मानली नाही. राजधानीत बंड झाले आणि राष्ट्राध्यक्षाने पळ काढला. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे प्रमुख असलेले हुआरेझ घटनेनुसार राष्ट्राध्यक्ष ठरले.

तीन वर्षे यादवी चालली. वेराक्रूझ बंदरातून सरकार चालवत त्यांनी १८५९ मध्ये सुधारणा कायदे आणले. चर्चची मालमत्ता राष्ट्राची झाली. जन्म, लग्न आणि मृत्यू यांची नोंद चर्चकडून काढून सरकारी कार्यालयात आणली. दफनभूमी सरकारच्या ताब्यात आल्या. १८६० च्या अखेरीस उपासनेचे स्वातंत्र्य मिळाले. जन्मापासून मरणापर्यंत पाद्र्याच्या परवानगीवाचून ज्यांचे काही होत नव्हते, त्यांच्यासाठी हा बदल केवढा असेल, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

काळ्या बग्गीतले सरकार

यादवीने तिजोरी रिकामी झाली होती. जुलै १८६१ मध्ये हुआरेझ यांनी परदेशी कर्जाची परतफेड दोन वर्षे थांबवली. हे निमित्त करून फ्रान्सने सैन्य घुसवले. ५ मे १८६२ ला पुएब्ला येथे मेक्सिकन सैन्याने फ्रेंचांना हरवले, पण पुढच्या वर्षी राजधानी पडली. सनातनी गटाने ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातील मॅक्सिमिलियनला बोलावून सम्राट केले.

हुआरेझ यांनी शरणागती पत्करली नाही. काळ्या बग्गीतून सरकारची कागदपत्रे घेऊन ते उत्तरेकडे सरकत राहिले आणि थेट अमेरिकेच्या सीमेवरील पासो देल नॉर्तेपर्यंत गेले. आज त्या शहराचे नाव सिउदाद हुआरेझ आहे. मार्गारिता मुलांना घेऊन न्यूयॉर्कमध्ये होत्या. तेथे त्यांचे दोन मुलगे वारले. पण सीमा ओलांडली तर सरकारच संपेल, म्हणून हुआरेझ देशातच थांबले.

फ्रेंच सैन्य परत गेले आणि मॅक्सिमिलियन पकडला गेला. व्हिक्टर ह्यूगो, गॅरिबाल्डी यांच्यासारख्यांनी त्याच्या जिवासाठी विनंती केली. हुआरेझ यांनी ती मानली नाही. १९ जून १८६७ ला केरेतारो येथे सम्राटाला गोळ्या घालण्यात आल्या. युरोपच्या राजघराण्यातील माणसाची शिक्षा एका झापोटेक माणसाने कायम केली, ही गोष्ट त्या काळच्या जगाला हादरवणारी होती.

जमिनीचा प्रश्न

बहुतेक गौरवलेख येथे संपतात. आम्ही येथे थांबणार नाही.

१८५६ मध्ये लेर्दो कायदा आला. कोणत्याही संस्थेने सामूहिक जमीन बाळगू नये, ती व्यक्तींच्या नावावर जावी, असा त्याचा गाभा होता. निशाण्यावर चर्चची जमीन होती. पण मूळ रहिवाशांच्या गावांचीही जमीन सामूहिकच होती. उदारमतवाद्यांना वाटले, प्रत्येक शेतकरी स्वतंत्र मालक होईल. पण रोकड होती ती जमीनदार आणि व्यापाऱ्यांकडे. लिलाव, कागदपत्रे, न्यायालय, सगळे स्पॅनिशमध्ये. कायद्यापुढे मोठा जमीनदार आणि गाव समान ठरले, आणि म्हणूनच गाव हरत गेले. हुआरेझ या धोरणाच्या बाजूनेच राहिले.

त्याआधीही एक घटना घडली होती. ते वाहाकाचे गव्हर्नर असताना हुचितानचे झापोटेक लोक आपली जमीन आणि मिठागरे परत मागत उठले. १८५० मध्ये झापोटेक गव्हर्नरांनी त्यांच्यावर सैन्य पाठवले आणि गावाचा मोठा भाग आगीत जळाला. १८६० च्या दशकाच्या अखेरीस चाल्कोच्या शेतकऱ्यांनी जमिनीसाठी उठाव केला. त्यांचा नेता हुलिओ लोपेझ याला गोळ्या घालण्यात आल्या, तेव्हाही सरकार हुआरेझ यांचेच होते.

सत्तेचा मोहही सुटला नाही. १८६५ मध्ये मुदत संपली, तेव्हा युद्धाचे कारण होते. १८७१ मध्ये ते पुन्हा निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा जुने सहकारी दुरावले. १८ जुलै १८७२ ला हृदयविकाराने त्यांचे निधन झाले, तेव्हा ते पदावरच होते.

त्यानंतर पोर्फिरिओ दियास यांच्या दीर्घ राजवटीत गावांच्या जमिनी झपाट्याने गिळल्या गेल्या. म्हणूनच १९१० मध्ये क्रांती पेटली आणि एमिलियानो झापाटा जमिनीसाठी लढले. १९१७ च्या राज्यघटनेच्या २७ व्या कलमाने गावांना सामूहिक जमिनीचा हक्क परत दिला. १९३० च्या दशकात राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांनी सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन वाटली. हुआरेझ यांच्या काळात सुटलेला प्रश्न सोडवायला दोन पिढ्या आणि लाखो प्राण गेले.

आम्ही यातून काय घ्यावे

या चुकांमुळे हुआरेझ लहान होतात, असे आम्ही मानत नाही. धर्मसत्तेचे वेगळे न्यायालय मोडल्याशिवाय पुढची कोणतीच लढाई शक्य नव्हती. १९१७ ची घटनाही १८५७ च्या घटनेच्या पायावरच उभी राहिली. पण पुतळ्याला हार घालून थांबणारा समाज आपल्याच नेत्याकडून शिकत नाही. आपला प्रतिनिधी निवडून आला, म्हणजे गावाचा प्रश्न सुटला, असे होत नाही. समानतेचा कायदा आला की त्यानंतर जमीन कोणाच्या नावावर चढली, कागद कोणत्या भाषेत होता आणि लिलावाला पैसे कोणाकडे होते, हे विचारणारे लोक गावात लागतात. हुचितानच्या लोकांनी ते विचारले, तेव्हा त्यांना बंडखोर ठरवले गेले.

म्हणून २१ मार्चला हुआरेझ यांना अभिवादन करताना आम्ही हुचितान आणि चाल्कोच्या शेतकऱ्यांनाही अभिवादन करतो.