पारसनिसांचा संग्रह

मराठेशाहीची कागदपत्रे वाड्यांच्या माळ्यांवर वाळवीच्या स्वाधीन होत असताना साताऱ्याच्या दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी ती गोळा करण्यास आयुष्य वाहिले. १८७० साली जन्मलेल्या या संशोधकाने पंचविशीच्या आतच, १८९४ मध्ये, झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे चरित्र प्रसिद्ध केले. पुढे वाईजवळील मेणवलीचे नाना फडणिसांचे दप्तर त्यांच्या हाती आले, हा त्यांच्या परिश्रमांचा कळस होय. १९०८ पासून ‘इतिहाससंग्रह’ मासिकातून असे कितीतरी कागद त्यांनी उजेडात आणले. किंकेड या इंग्रज अधिकाऱ्यासमवेत त्यांनी मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिला. परक्या सत्तेशी असलेले हे सख्य आज कोणास खटकेलही. पण जुने कागद जपण्याचा खर्च दरवर्षीचा आणि उत्पन्न शून्य, तेव्हा एकट्या संग्राहकाची ऐपत ती किती? १९२५ साली साताऱ्यात संग्रहालय उभे राहिले, ते सरकारी आश्रयानेच. पुढच्याच वर्षी पारसनीस निवर्तले. १९३९ मध्ये कागद, चित्रे, नकाशे असा सारा संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. तेथे तो सुरक्षित राहिला, अभ्यासिला गेला, हे मान्यच. मात्र सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्याला कृष्णाकाठच्या मेणवलीचा कागद पाहावयाचा तर पुण्याची गाडी धरावी लागते.