प्रभावतीगुप्ता

प्रभावतीगुप्ता (इ.स.चे ४थे–५वे शतक) ही वाकाटक नृपती दुसरा रुद्रसेन याची अग्रमहिषी आणि गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त व नागकुलातील कुबेरनागा यांची कन्या होय. पहिल्या प्रवरसेनानंतर वाकाटक साम्राज्याचे विभाजन झाले. एक शाखा वत्सगुल्म (वाशीम) येथे राहिली. ज्येष्ठ शाखेची राजधानी पुढे नंदिवर्धन (रामटेकजवळील नगरधन) येथे होती. प्रभावती या ज्येष्ठ शाखेची सून.

रुद्रसेनाच्या अकाली निधनानंतर युवराज दिवाकरसेनाची माता या नात्याने तिने किमान १३ वर्षे राज्यकारभार पाहिला. तेराव्या वर्षी नंदिवर्धनाहून दिलेला तिचा ताम्रपट पुण्यात मिळाला. त्यातील वंशावळ सासरची नसून गुप्तांची आहे. गोत्रही माहेरचेच, धारण. तिच्या सत्तेला कोणाचे पाठबळ होते, हे यावरून उघड होते. आज्ञा मात्र तिच्याच नावाने निघाली आहे, त्यामुळे तिला केवळ पित्याची हस्तक मानणे अन्यायाचे ठरेल.

आरंभीचे वाकाटक राजे बहुतांशी शैव. प्रभावती निष्ठावान विष्णुभक्त होती. रामगिरी (रामटेक) हे तिचे श्रद्धास्थान. दुसऱ्या प्रवरसेनाच्या १९व्या राज्यवर्षी तेथून दिलेला तिचा ताम्रपट ऋद्धपूर (जि. अमरावती) येथे सापडला. त्यात ती दामोदरसेन व प्रवरसेन यांची जननी म्हणून येते. ज्याच्यासाठी तिने राज्य सांभाळले, त्या दिवाकरसेनाचे नाव तेथे नाही.