माळाचे मोल

पुणे-मिरज लोहमार्गावर एक गंमत आहे. या वाटेवरची काही ठिकाणे जुन्या गावांपेक्षा कारखान्यांमुळेच लोकांच्या ओळखीची झाली. सातारारोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना उभा राहिला. कऱ्हाड स्टेशनला उतरले की जवळच ओगलेवाडी. तिथल्या प्रभाकर कंदिलाने वीज नसलेल्या घरांत दोन पिढ्यांचा अभ्यास करून घेतला. आणि त्याच रुळांवरून सांगलीकडे येताना लागते ती किर्लोस्करवाडी. या स्टेशनाचे मूळ नाव कुंडल रोड. एका माणसाने माळावर गाव वसवले आणि पुढे रेल्वेला आपल्या पाटीवरचे नाव बदलावे लागले.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांना महाराष्ट्र ओळखतो तो लोखंडी नांगराचे कारखानदार म्हणून. मी बँकेत आयुष्य काढले. सातारा-सांगली भागातल्या शाखांमध्ये घरबांधणीची आणि प्लॉटखरेदीची कर्जप्रकरणे तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्यामुळे असेल कदाचित, मला लक्ष्मणरावांच्या चरित्रात नांगरापेक्षा जमीन अधिक दिसते. पडीक जमिनीला किंमत कशी येते, हा प्रश्न आज घरोघरी रविवारच्या चहाबरोबर चघळला जातो. त्याचे एक उत्तर या माणसाने हयातभर राबून दिले आहे.

त्यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचे लक्ष मात्र पोथीत नव्हते आणि शाळेतही नव्हते. चित्रकलेची ओढ होती म्हणून १८८५ मध्ये ते मुंबईला जे. जे. कलाशाळेत गेले. तिथे काही काळाने कळले, की आपल्या डोळ्यांना काही रंगांतला फरकच समजत नाही. चित्रकार होण्याचा मार्ग तिथेच संपला. रेषा मात्र हातात होती. यंत्रांची रेखाटने करण्याचे काम त्यांनी आत्मसात केले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी धरली. पुढे हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली, तेव्हा नोकरीला रामराम ठोकून ते बेळगावला आले.

बेळगावात थोरले बंधू रामचंद्रपंत, म्हणजे रामूअण्णा, यांच्यासह त्यांचे सायकलींचे दुकान होते. १८८८ मध्ये सुरू झालेल्या या दुकानातूनच ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या पेढीचा उगम झाला. सायकलीनंतर आले कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली. तरीही जम बसत चालला होता. इतक्यात बेळगावच्या नगरपालिकेने शहराची नवी वस्ती आखायला घेतली आणि किर्लोस्करांना कारखान्याची जागा सोडावी लागली.

वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. शहर वाढते तेव्हा कुणाचे तरी उठते, ही गोष्ट आपल्याला रिंगरोडच्या आणि विकास आराखड्याच्या काळात नवी नाही. फरक इतकाच, की बहुतेक माणसे अशा वेळी जवळपास दुसरी जागा शोधतात. लक्ष्मणरावांना ते शक्य नव्हते. भट्टी, यंत्रे आणि कामगार घेऊन ते जाणार कुठे?

मदतीचा हात आला औंधहून. आजच्या सातारा जिल्ह्यातल्या या छोट्या संस्थानाच्या गादीवर १९०९ मध्ये भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी आले होते. स्वतः चित्रकार, कलेचे आणि उद्योगाचे चाहते. औंधच्या देवीच्या सभामंडपाच्या कामामुळे त्यांचा लक्ष्मणरावांशी परिचय होता. संस्थानात हवी ती जागा निवडा, असे त्यांनी कळवले आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. मी सवयीने हिशेब मांडतो. नऊ टक्क्यांनी जरी व्याज धरले तरी वर्षाचे नऊशे, महिन्याचे पंचाहत्तर रुपये होतात. ज्याचे नांगर नुकतेच खपू लागले आहेत, त्याला दरमहा पंचाहत्तर रुपये वाचणे म्हणजे श्वास घ्यायला जागा मिळणे.

औंध संस्थान सलग नव्हते. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे असे त्याचे तुकडे इतर मुलखात विखुरलेले होते. काळीभोर, पाण्याची जमीन मागता आली असती. लक्ष्मणरावांनी मागितला तो कुंडल रोड स्टेशनालगतचा बत्तीस एकर माळ. आजच्या भाषेत १,२८० गुंठे. त्यावर निवडुंगाचे रान माजलेले आणि निवडुंगात नागांची वस्ती. त्या काळी असा माळ कुणी तारण म्हणून आणला असता, तर कुठल्याही पेढीने तो परत पाठवला असता. पण लक्ष्मणरावांनी जमीन पाहिली नव्हती, रूळ पाहिले होते. लोखंड आणि कोळसा येणार रेल्वेने, नांगर जाणार रेल्वेने. शेतीला नालायक असलेली जमीन घेतल्यामुळे कुणाच्या तोंडचा घासही जाणार नव्हता.

मार्च १९१० मध्ये पंचवीस कामगार आणि त्यांची बायकामुले या माळावर आली. आधी कारखाना की आधी घरे, असा प्रश्न तिथे नव्हताच. दोन्ही एकदमच हवे होते, कारण दिवस मावळल्यावर परत जायला गावच नव्हते. निवडुंग तोडणे, साप मारणे, निवारा उभारणे आणि भट्टी पेटवणे ही कामे बरोबरीने चालली. गावाची आखणी आणि कारभार रामूअण्णांनी अंगावर घेतला. रस्ते, पाणी, स्वच्छता, झाडे, शाळा यांकडे ते घरच्या कर्त्या माणसाच्या नजरेने पाहत. ओतकामाची बाजू शंभोराव जांभेकरांनी सांभाळली, हिशेब मंगेशराव रेग्यांनी, बाहेरचा व्यवहार के. के. कुलकर्ण्यांनी. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक इंजिनिअर ठरले. परीक्षेत मागे पडलेल्या माणसांचा हा संच होता.

रात्रीच्या राखणीला लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेली माणसे नेमली. ज्यांना गावात कुणी उभे करत नसे, त्यांच्या हाती अख्ख्या वसाहतीची झोप सोपवली आणि त्यांनीही ती निष्ठेने सांभाळली. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हाही दंडक होता. आपल्याकडे जुन्या गावात घर कुठे असावे हे जातीने ठरत आलेले. कोऱ्या माळावर नवे गाव आखताना ती जुनी रेघ पुन्हा ओढायची नाही, असे ठरवणे हा साधा निर्णय नव्हता. भिन्न जातींची माणसे एका नळावर, एका शाळेत, एका सणाला एकत्र आली की जमिनीच्या किमतीत जी भर पडते, ती कुठल्याही खरेदीखतात लिहिलेली नसते.

पहिल्या महायुद्धात लोखंडाची आवक आटली. तेव्हा लक्ष्मणरावांनी कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या तोफा मिळवल्या आणि वितळवून त्यांचे नांगर केले. रंग मिळेना तेव्हा हिरड्यापासून रंग बनवला. १९२० मध्ये पेढीची मर्यादित कंपनी झाली, आणि त्याच वर्षी पुतणे शंकररावांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढले. पुढे ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आली. ज्यांनी सांगली जिल्ह्याचा नकाशाही पाहिला नव्हता, अशा नागपूर-इंदूरकडच्या घरांतही ‘किर्लोस्करवाडी’ हा पत्ता पोचला. या नांगरांच्या विक्रीसाठी गावोगाव हिंडणाऱ्यांत एक तरुण होता भाऊराव पाटील. त्यांनी पुढे साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली राहायला, एका पंगतीत जेवायला लावणारे वसतिगृह १९२४ मध्ये उघडले.

कारखान्याबरोबर वसाहत उभारण्याची कल्पना जगात इतरत्रही होतीच. शिकागोजवळ रेल्वेचे डबे बांधणाऱ्या पुलमनने १८८० च्या सुमारास कामगारांसाठी देखणे गाव वसवले. पण मंदीत पगार कापले आणि घरभाडे मात्र तसेच ठेवले. १८९४ मध्ये तिथे मोठा संप झाला आणि १८९८ मध्ये न्यायालयाने कंपनीला कारखान्याखेरीजची मालमत्ता विकायला सांगितले. इंग्लंडात चॉकलेटवाल्या जॉर्ज कॅडबरीने उलटे केले. बोर्नव्हिलची वसाहत त्याने १९०० मध्ये एका विश्वस्त संस्थेच्या हवाली केली, आणि तिथली घरे कंपनीबाहेरच्या माणसांनाही खुली राहिली. आपल्याकडे मुंबईत गावदेवीला १९१५ मध्ये सारस्वतांची सहकारी गृहसंस्था निघाली. तिथे राहणारेच एकत्रितपणे घरांचे मालक. मालकाचे घर, विश्वस्तांचे घर, सभासदांचे घर, असे तीन मार्ग.

किर्लोस्करवाडी पहिल्या मार्गाची, पण पुलमनच्या वळणाची नव्हे. लक्ष्मणराव त्याच माळावर राहत. तरीही कारखान्याच्या वसाहतीतल्या घराची एक खोच असते. ते नोकरीला बांधलेले असते. मी हे अनेक कारखान्यांच्या कामगारांत पाहिले आहे. तीस वर्षे सुबक वसाहतीत राहिलेला माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी बँकेत येतो. त्याच्याजवळ प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम असते आणि राहायला घर नसते. त्या वयात कर्जही बेताचेच मिळते. मग तो सांगलीच्या कडेला गुंठेवारीतला एक प्लॉट घेतो. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. तो डावलून पडलेले असे हजारो तुकडे नियमित करण्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा करावा लागला. कागद नियमित झाला, पण गटार आले नाही. २००५ आणि २०१९ च्या महापुरांनी सांगलीकरांना दाखवून दिले, की पाण्याची वाट अडवून पाडलेल्या प्लॉटला सातबारा वाचवत नाही.

म्हणून वाडीकडे पाहताना माझ्या मनात दोन्ही गोष्टी असतात. ज्यांच्या घामाने निवडुंगाचा माळ गाव झाला, त्यांच्या नावावर त्या गावाचा किती हिस्सा लागावा, हा प्रश्न त्या काळी बहुतेक कुठल्याच मालकाने विचारला नाही. पण गाव कशाने होते, हे मात्र लक्ष्मणरावांना पक्के कळले होते. आधी काम, मग पाणी आणि रस्ता, त्याबरोबर शाळा, आणि माणसामाणसांत भिंत नको. भाव त्यानंतर आपोआप येतो. आपण आज बहुधा उलट्या टोकाने सुरुवात करतो. आधी भाव, मग फलक, मग कमान. बाकीचे येईल तेव्हा येईल.

वाडीचीही परीक्षा झाली. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत कारखान्याचे मोठे नुकसान झाले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या लक्ष्मणरावांच्या हयातीतच त्यांच्या श्रमाची राख झाली. कुंपणाच्या आत कितीही नेटकी वस्ती केली, तरी बाहेरच्या मुलखातला राग आणि दुःख कुंपणापाशी थांबत नाहीत, हा त्यातला कडू धडा. माळ सोडून जावे असे कुणालाही वाटले असते. कारखाना तिथेच पुन्हा उभा राहिला. त्याच वर्षी औंध संस्थान विलीन झाले. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. वाडी न हलता संस्थानातून जिल्ह्यात आली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. वाडीत आजही पंप तयार होतात.

निवृत्त बँकवाला म्हणून लोक मला अजून प्लॉटबद्दल विचारतात. अमुक रस्त्याला घेऊ का, पाच वर्षांत दुप्पट होईल का? मी त्यांना चार गोष्टी विचारून यायला सांगतो. पाणी कुठून येणार, पावसाचे कुठून जाणार, पोटापाण्याचे काम किती अंतरावर आहे, आणि शेजारी राहायला येणार आहेत की तेही दुप्पट व्हायची वाट पाहत आहेत? चौथ्या प्रश्नाला बहुतेक जण गप्प होतात. बत्तीस एकर माळावर आलेल्या त्या पंचवीस कुटुंबांतले कुणीही भाव वाढायची वाट पाहायला आले नव्हते.