तंबाखूचा बार, धोतराची गाठ आणि कॅन्सरचं कारण शोधणारे परळचे डॉ. खानोलकर

लोअर परळ म्हटलं की आज मॉल आणि काचेची ऑफिसं आठवतात. ८० वर्षांपूर्वी इथे गिरण्यांचे भोंगे वाजायचे आणि चुना मळून तंबाखूचा बार गालात धरणं ही कामगारांची रोजची सवय होती. याच गिरणगावात, परळला, १९४१ साली टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभं राहिलं. तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी आली डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे.

खानोलकरांचा जन्म १८९५ चा. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठातून ते पॅथॉलॉजीत एम.डी. झाले. पॅथॉलॉजिस्ट म्हणजे गाठीचा तुकडा मायक्रोस्कोपखाली बघून ती कॅन्सरची आहे की नाही हे सांगणारा डॉक्टर. पेशंटला तो सहसा दिसतही नाही, पण निदान त्याच्या शब्दावर ठरतं.

तेव्हा कॅन्सर हा पाश्चात्त्यांचा आजार, आपल्याकडे तो फारसा होत नाही, असं बऱ्याच जणांना वाटायचं. खानोलकरांच्या टेबलावर येणारे तुकडे वेगळंच सांगत होते. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या सलग १,००० केसेसचा आढावा छापला. एवढ्यावर ते थांबले नाहीत. गाठ नेमकी कुठे आहे आणि हा माणूस रोज काय करतो, हे दोन्ही ते जोडून बघू लागले.

१९४५ चा त्यांचा आणि सूर्याबाई यांचा लेख म्हणूनच भन्नाट आहे. खैनी खालच्या ओठाच्या आत धरणाऱ्यांना तिथेच कॅन्सर. आंध्रकडे चुट्ट्याचं जळतं टोक तोंडात घेऊन ओढणाऱ्यांना टाळूचा. आणि तिसरा चक्क धोतराचा! कमरेला वर्षानुवर्षं करकचून बांधलेल्या धोतराने कातडी घासत राहते, काळी पडते आणि काहींना तिथे कॅन्सर होतो.

मुंबई तर त्यांच्यासाठी तयार प्रयोगशाळाच होती. शहर एक, हवापाणी एक, पण पारशी बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर जास्त आणि हिंदू बायकांमध्ये गर्भाशयाच्या मुखाचा. म्हणजे नुसत्या हवामानाला दोष देऊन भागणार नव्हतं. लग्नाचं वय, खाणंपिणं, राहणी, सगळंच तपासायला हवं होतं.

१९५५ मध्ये एल. डी. संघवी, राव आणि खानोलकर यांचा अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. त्यात कॅन्सर झालेल्यांच्या आणि न झालेल्यांच्या सवयी समोरासमोर ठेवल्या होत्या. तंबाखू चघळणं आणि विडी ओढणं यांचा तोंड-घशाच्या कॅन्सरशी असलेला संबंध आकड्यांत दिसला. जो आजार लोक नशिबावर ढकलत होते, त्याचं एक कारण त्यांच्याच खिशातल्या चंचीत होतं. फुफ्फुसाचा कॅन्सर आणि सिगरेट यांवर ब्रिटनमध्ये गाजलेला अभ्यास जेमतेम पाच वर्षांपूर्वीचा, हे लक्षात घ्या.

कुष्ठरोगावरही त्यांचं मोठं काम आहे. आजाराच्या अगदी सुरुवातीला जंतू मज्जातंतूंमध्ये कसे शिरतात, हे त्यांनी सूक्ष्म तपासणीतून मांडलं.

१९५२ मध्ये परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झालं आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. कमल रणदिवे त्यांच्याच हाताखाली तयार झाल्या. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही होते. १९७८ मध्ये त्यांचं निधन झालं.

ते सेंटर १९६६ मध्ये टाटा हॉस्पिटलला जोडलं गेलं आणि नंतर खारघरला हललं. आज आपण त्याला अ‍ॅक्ट्रेक म्हणून ओळखतो.